कस्तुराबाईची पाच बोटं

आमच्या सुगतला एक खोड आहे. दुसऱ्याच्या हातात चाललेलं काम त्याला बघवत नाही. मी ताक घुसळायला बसले की "सरक, तुला जमत न्हाय" म्हणून रवी ओढून घेणार, दोन मिनिटं घुमवणार, निम्मं ताक भुईवर सांडणार आणि रवी परत माझ्याच हातात देऊन हात धुवायला जाणार. शेजाऱ्याचा हवेचा पंप, सुनेची शिलाई मशीन, बोअरचा स्टार्टर, काही म्हणून सोडलं नाही त्यानं. बिघडलं की चेहरा असा करतो, जसं काही बिघडलेलंच कुणी त्याच्या हातात दिलं होतं. लहान होता तोवर मी हसण्यावारी नेलं. एकुलता एक, बाप लवकर गेलेला, कोण बोलणार त्याला. आता अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. धाराशिवला एका कॉलेजात क्लार्क आहे, रोज इस्त्रीचा शर्ट घालून येडशीच्या स्टँडवर एसटीला उभा राहतो, आणि खोड जिथल्या तिथं आहे.

पण त्या शनिवारी त्यानं जे केलं ते खोडीत बसत नाही.

आधी मशीनचं सांगते. ती आणली माझ्या नातीनं, श्रावस्तीनं. पोरगी तेवीस वर्षांची. सोलापूरला गाड्या चमकवायच्या एका दुकानात दीड वर्ष कामाला होती. ते दुकान बंद पडलं तेव्हा मालकानं मोडीत काढायला ठेवलेली पॉलिशची मशीन तिनं मागून घेतली आणि मांडीवर घेऊन एसटीनं घरी आली. मला वाटलं मिक्सर आणला. चांगली जड, पुढं ताटलीएवढी चकती, चकतीवर स्पंजाचं पॅड दाबून बसवायचं, आणि मागं एक ते सहा आकड्यांचं चाक. एकवर हळू, सहावर जोरात. तिनं आमच्या पत्र्याच्या शेडखाली विजेचा बोर्ड लावून घेतला, बापाच्या जुन्या मोटरसायकलच्या टाकीवर हात बसवला, आणि एक दिवस जेवताना म्हणाली, "पप्पा, मला हितंच धंदा टाकायचाय."

सुगतनं घास खाली ठेवला. "तीन पिढ्या लोकांचं झाडलं, लोकांचं पुसलं. म्या शिकलो, नोकरीला लागलो ते कशासाठी? पोरीनं परत त्यांच्याच गाड्या पुसाव्यात म्हणून?"

"हे पुसणं न्हाय. पॉलिश हाय."

"नाव बदललं म्हणून काम बदलतंय व्हय?"

त्याचं बोलणं अगदीच उडवून लावावं असं नव्हतं. ते मी अंगावर काढलेलं आहे, त्यानं नुसतं ऐकलेलं आहे. तरी मी म्हणाले, "तवा आमी त्यांच्या दारात जायचो. आता ते गाडी आपल्या दारात आणतील, चावी पोरीच्या हातात देतील, अन् ती पाचला या म्हणली तर पाचला येतील. एवढा फरक दिसत न्हाय तर शिकलास काय तू?"

माझ्यासमोर त्याचं चाललं नाही म्हणून त्यानं अट घातली. एक गाडी. एक गाडी नीट गेली, गाडीवाला राजी झाला, तर पत्र्याखाली पोरीचा धंदा. नाहीतर मशीन विकायची आणि पुढच्या रविवारी लातूरचे पाहुणे तिला बघायला येणार होते त्यांच्यापुढं गपचूप पाट मांडून बसायचं.

"एक गाडी," श्रावस्ती म्हणाली. बापापुढं हात केला. त्यानं हातात हात दिला नाही, भाकरी मोडली.

ती एक गाडी निघाली रणधीरची.

रणधीर म्हणजे कस्तुराबाईचा मुलगा. त्यांच्या रानात मी तेवीस वर्षं खुरपलं, सोयाबीन काढलं, ज्वारी मोडली. कस्तुराबाई कामाला कडक. उन्हात पाणी मागितलं की बांधावर उभी राहून तांब्या वर धरायची आणि धार सोडायची, आम्ही ओंजळ खाली धरायची. धार मनगटावरून कोपरापर्यंत वाहायची, तोंडात निम्मंच जायचं. तांब्या कधी हातात दिला नाही. पुढं काळ बदलला, तीही बदलली, सुगतच्या लग्नात आहेर घेऊन आली, चहा प्याली. पण तिची ती बोटं, तांब्याच्या गळ्याभोवती आवळलेली, मला माझ्या बोटांपेक्षा जास्त ओळखीची होती. मागल्या साली दसरा झाला आणि वीसेक दिवसांत ती गेली.

शनिवारी सकाळी आठ वाजता रणधीरनं पांढरी मोठी गाडी पत्र्याखाली आणून लावली. सुगत बाजारात गेलेला. सून गौरी अंगणवाडीत. मी आणि पोरगी दोघीच. गाडीवर सोयाबीनच्या राशीची धूळ बोटभर बसलेली. रणधीरनं चावी श्रावस्तीला दिली आणि तिला बॉनेटजवळ घेऊन गेला.

"हे बघ," तो म्हणाला.

बॉनेटवर डाव्या अंगाला पाच बोटं उमटलेली होती. फिकट गुलाबी. करंगळी जराशी लांब गेलेली.

"आईनं मागच्या दसऱ्याला गाडी पूजली तवा ओल्या कुंकवाचा हात लावला. पांढरा रंग, कुंकू मुरलं आत. किती बारी धुतली, फाट्यावरच्या धुलाईवाल्यानं प्रेशरचं पाणी मारलं, पण गेलं न्हाय. मला घालवायचं बी न्हाय. ह्या दसऱ्याला घरात दुःख म्हणून पूजा न्हवती, त्यामुळं हे एवढंच राहिलंय." त्यानं बोटांभोवती हात फिरवून जागा दाखवली. "उद्या वर्षश्राद्ध हाय. बहिणी यायल्यात. गाडी नव्यासारखी कर, एवढी पाच बोटं सोडून. बनाबाई, तुमी बी ध्यान ठेवा."

"ठेवते," मी म्हणाले.

"पाचला येतो."

तो गेल्यावर श्रावस्तीनं पहिलं काम ते केलं. पिवळी कागदी चिकटपट्टी घेतली आणि त्या पाच बोटांवर एकाला एक लावून चौकोन झाकला. मग धुणं. दोन बादल्या, एक साबणाची, एक साध्या पाण्याची. फडकं साध्या पाण्यात पिळल्याबिगर साबणात जायचं नाही. धुऊन पुसली, तरी हाताला खरखर लागत होती. मग तिनं एक मऊ गोळा काढला, कणकेसारखा, आणि पाणी मारून मारून सगळ्या पत्र्यावर फिरवला. गोळा काळा झाला आणि पत्रा काचेसारखा गुळगुळीत लागायला लागला. रबराच्या कडा, दिव्यांच्या कडा, नंबरप्लेट, सगळीकडं पट्टी लावली.

"एवढ्या पट्ट्या कशाला गं?" मी विचारलं.

"कडेला रंग पातळ असतोय आज्जी. पॅड थांबलं की तापतंय, तापलं की रंग जळतोय. मशीन एका जागी उभी करायची न्हाय, दाबायची न्हाय, कडेवर न्यायची न्हाय."

मशीन सुरू झाली तेव्हा मी ओसरीवर शेंगा फोडत होते. ती आधी आडवी फिरवायची, मग त्याच जागेवर उभी, सावकाश, एका हाताच्या रुंदीचा पट्टा सोडत नव्हती. आम्ही सारवताना असंच करायचो. मी तिला ते शिकवलेलं नाही. छत झालं, उजवी बाजू झाली, डावी झाली. घटकेघटकेनं पाणी प्यायची, पॅड ब्रशनं साफ करायची, परत सुरू. मग बॉनेट घेतलं, आणि तेही चिकटपट्टीच्या चौकोनापर्यंत येऊन तिनं सांभाळून पुरं केलं. आता मागचं डिकीचं दार आणि सगळ्या गाडीला वॅक्सचं मेण, एवढंच उरलं. एक वाजायला आला होता. पोरगी मशीन ठेवून हात झटकत होती.

"भाकरी खाऊन घे," मी म्हणाले. "पाच वाजायला लई वेळ हाय."

ती नको म्हणाली. मीच हट्ट केला. ते माझ्या मनातून जात नाही. मीच तिला हाताला धरून आत नेली, ताट वाढलं, समोर बसवलं.

बाहेर मशीनचा आवाज आला.

श्रावस्तीचा घास हातातच राहिला. मी दाराशी होते म्हणून आधी मी बाहेर आले. सुगत बाजारातून आलेला. पिशवी ओसरीवर टाकलेली, फोन मान वाकडी करून खांद्यात धरलेला, कुणाशी तरी हसत बोलत होता, आणि एका हातानं मशीन बॉनेटवर फिरवत होता. चिकटपट्टीचा चौकोन त्याच्या चपलेखाली पडला होता, गोळा होऊन.

"सुगत," मी ओरडले. "सुगत, ठेव ते."

मशीनच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. गेलं असतं तरी त्यानं हात हलवून थांब म्हणलं असतं. मी जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं. चकती फिरत फिरत थांबली.

"काय करायलीस आई? केवढी जागा सोडली होती पोरीनं. कागद लावून लपवली होती वर." त्यानं फोन खिशात टाकला. "हे बघ, दोन मिनिटात साफ."

साफच होतं. बॉनेट नुसतं पांढरं, ढगाचं प्रतिबिंब दिसत होतं त्यात. पाच बोटांतलं एक बोट नाही. करंगळीसुद्धा नाही. आणि मशीनचं पांढरं पॅड, पोरीकडं तसं एकच होतं, ते मधोमध गुलाबी झालं होतं.

श्रावस्ती माझ्यामागं उभी होती. खरकटा हात तसाच. तिनं वाकून चिकटपट्टीचा गोळा उचलला, उलगडला, आतल्या बाजूला काही चिकटून आलंय का बघितलं. नव्हतं.

मी सुगतला सांगितलं ते काय होतं. कुणाची बोटं, कधीची, उद्या काय आहे, रणधीर काय म्हणून गेला. सांगताना त्याचा चेहरा उतरत गेला. मला तेव्हा त्याची कीव आली, खोटं कशाला बोलू. त्याला माहीत नव्हतं. माहीत नसताना माणसाकडून होतं. तो त्याच वेळी म्हणाला असता, चुकलं, तर मी ही गोष्ट कुणाला सांगितली नसती.

"मग मला सांगायचं न्हवतं का?" तो म्हणाला.

"तुमी विचारलं का पप्पा?" श्रावस्ती एवढंच बोलली.

तो ओसरीवर बसला, उठला, परत बसला. मग एकदम चप्पल घालून शेजारी दैवशालाकडं गेला. आमच्या घरात कुंकू नाही, माझ्या सासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून नाही. आला तो कागदाची पुडी घेऊन. वाटीत पुडी रिकामी केली, पाणी घातलं, बोटानं कालवलं.

"आई, हात दे."

"कशाला?"

"ह्याच्यात बुडव अन् लाव तिथं. म्हातारीचा हात म्हातारीसारखाच असतोय. कोण मापं घेतंय?"

मी त्या वाटीकडं बघितलं. लालभडक, घट्ट. मला पाण्याची धार आठवली, कोपरावरून गळणारी. माझा हात तिच्या हाताला आयुष्यात कधी लागला नव्हता, आणि आता माझ्या पोरानं तो तिच्या हाताच्या जागी ठेवायचं काढलं होतं. तिच्या लेकी उद्या त्या बोटांवर डोकं टेकवणार, आणि ती बोटं माझी. क्षणभर मला हसू फुटलं असतं. फुटलं नाही.

"ताजं लाल दिसंल," श्रावस्ती म्हणाली. "ते फिकट होतं. काकाला बघितल्या बघितल्या कळंल."

"तू मधी बोलू नको. आई, दे हात."

"न्हाय देत," मी म्हणाले. "त्या बाईनं मला तांब्या दिला न्हाय, म्या तिला हात देत न्हाय. अन् माझा हात दुसऱ्याच्या नावानं कुठं लागायचा न्हाय. वाटी ओत तिकडं."

त्यानं वाटी ओतली नाही, पाण्याच्या माठामागं ठेवली. अजून त्याला वाटत होतं मी ऐकेन.

तेवढ्यात लाइट गेली. पंख्याचं पातं थांबलं आणि सगळं घर गप झालं. मागचं दार पॉलिशचं राहिलेलं, मशीन आता चालणार नव्हती. दोन वाजून गेले होते. श्रावस्तीनं दारावरच्या रेघा हातानं घासायला घेतल्या, फडक्याला पॉलिशची पेस्ट, कंपाउंड, लावून, गोल गोल, एक वीतभर जागेला पंधरा मिनिटं. मग वॅक्सचा डबा उघडला. वॅक्स नखाएवढं घ्यायचं, पातळ पसरायचं, वाळून धुरकट झालं की पुसायचं. ती एकेक पत्रा लावत गेली. सुगत तिच्यामागं येरझाऱ्या घालत होता.

"धुण्यात गेलं म्हणायचं," तो म्हणाला. "साबणानं गेलं. कुणाची चूक न्हाय त्यात."

ती लावत राहिली.

"ऐकायलीस का? नवीन हायस, जोर जास्त लागला, एवढंच. काका समजून घेतील. पोरगी म्हणून एवढं मनावर घेत न्हाईत लोक. माझं नाव आलं तर उद्या सगळ्या गावात, क्लार्कसाहेबानं म्हातारीचा हात पुसला म्हणून. मला त्यांच्या घरी जाऊन उभं राहायला लावतील. ते मी करणार न्हाय. आजोबा तिथं उभा राहिला ते बास झालं."

"अन् माझी अट?" तिनं वर न बघता विचारलं. "गाडीवाला राजी न्हाय झाला तर?"

सुगतच्या येरझाऱ्या थांबल्या. त्याला उत्तर माहीत होतं, मलाही. गाडीवाला राजी झाला नाही तर मशीन विकायची. त्याची लाजही वाचत होती आणि अटही जिंकत होती. हे त्यानं ठरवून केलं नसेल. पण आयतं हातात आलेलं त्यानं खाली ठेवलंही नाही.

मग त्यानं पॅड मशीनवरून काढून बादलीत चोळचोळून धुतलं. पाणी गुलाबी झालं, पॅड मात्र पांढरं व्हायला तयार नाही. ते त्यानं बादली उपडी घालून तिच्याखाली ठेवलं. मी ओसरीवरून बघत होते आणि त्याला माहीत होतं मी बघते आहे. माझ्याकडं बघून त्यानं मान हलवली, बारीकशी. लहानपणी मास्तर घरी आले की अशीच हलवायचा. आणि मी त्याला झाकायची. किती वेळा झाकलं असेल, मोजलेलं नाही.

श्रावस्ती पाणी प्यायला आली तेव्हा माझ्याजवळ थांबली.

"आज्जी, तू बघितलंस ना?"

"बघितलं."

 मी पुढं काही बोलेन असं तिला वाटलं असावं. मी शेंगांची टरफलं गोळा करत राहिले. खरं सांगते, तेव्हा माझं ठरलेलं नव्हतं. एका बाजूला नात आणि एका बाजूला ज्याला मी दुसऱ्याच्या रानात पाठीला बांधून वाढवलं ते पोर, आणि त्याची मान खाली घालायची ती कुणापुढं, तर कस्तुराबाईच्या लेकापुढं. ज्यांच्यापुढं ताठ उभं राहावं म्हणून त्याला शिकवला, त्यांच्यापुढंच. हे पचणं सोपं नव्हतं. तिनं तांब्या ठेवला आणि परत गाडीकडं गेली.

पाचला दहा कमी असताना रणधीर मोटरसायकलवर आला. रामलिंगाच्या जंगलाकडून चार वानरं उतरून पत्र्यावर आली होती, ती त्याच्या आवाजानं धडधडत पलीकडं गेली. गाडी बघून तो थांबला. उन्हं तिरपी झालेली आणि सगळी गाडी उजळून निघालेली, मागच्या दारावर तेवढं वॅक्स लावून वाळायला ठेवलेलं. तो छतावर हात न लावता, नुसता वरून हात फिरवत आला. "पोरी," तो म्हणाला, "शोरूममधनं काढली तवा अशी न्हवती."

मग तो बॉनेटपाशी आला.

 वाकला, बाजूनं बघितलं, उजेड बदलून दिसतंय का म्हणून दुसऱ्या बाजूनं बघितलं.

"बोटं?"

"ते काय झालं," सुगत पुढं झाला, "धुण्यात गेलं. पोरगी नवीन हाय, तुमाला तर माहीतच हाय. म्या घरी न्हवतो. असतो तर असं झालं नसतं."

"धुण्यात गेलं?" रणधीर सावकाश म्हणाला. "वर्षभर धुतली, सुगतराव. प्रेशरनं गेलं न्हाय."

"साबण निराळा असंल."

रणधीरनं त्याच्याकडं बघितलंच नाही. तो श्रावस्तीकडं वळला. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "तुला दाखवून सांगितलं होतं बाई. एकच गोष्ट सांगितली होती."

श्रावस्तीनं बापाकडं बघितलं. मग माझ्याकडं नाही, जमिनीकडं. "व्हय काका, सांगितलं होतं. गाडी माझ्या ताब्यात होती. ताब्यातलं सांभाळलं न्हाय, ते माझं चुकलं."

खोटं बोलली नाही. धुण्यात गेलं म्हणाली नाही. पण बापाचं नावही घेतलं नाही. आणि सुगतनं, माझ्या समोर, सुटल्यासारखा श्वास सोडला. मला तो ऐकू आला. पाच हात लांब बसले होते, तरी आला.

मी उठले. गुडघा धरला होता, खांबाला हात लावून उठले. बादलीपाशी गेले, ती उचलली, खालचं पॅड काढलं आणि बॉनेटवर ठेवलं, जिथं बोटं होती तिथंच.

"आई," सुगत म्हणाला.

"रणधीरराव, पोरीनं सकाळी गाडीला पाणी लावायच्या आधी पट्टी लावून ती जागा झाकली होती. म्या बघितलं. बॉनेट तिनं केलं पण पट्टीला धक्का लावला न्हाय. तिला म्या बळंच जेवायला आत नेलं. तवा हा आला, पट्टी काढून फेकली अन् मशीन फिरवली. बोटं कुणाची ते ह्याला माहीत न्हवतं. माहीत झाल्यावर ह्यानं कुंकू कालवलं अन् मला हात लावायला सांगितला तुमच्या आईच्या जागी. वाटी त्या माठामागं हाय. म्या लावला न्हाय. झालं ते एवढं."

 रणधीरनं पॅड उचललं, अंगठ्यानं गुलाबी जागा चोळली. अंगठ्याला ओलं लागलं, रंग नाही. त्यानं पॅड परत ठेवलं नाही, हातातच धरलं.

"तुमी न्हाय लावला," तो मला म्हणाला.

"न्हाय."

"लावला असता तर मला कळलं असतं का, देव जाणे." त्यानं पॅड हातात उलटं केलं. "आईनं आयुष्यात कुणाला काही सोपं दिलं न्हाय. गेल्यावर बी न्हाय." मग त्यानं डोळे पुसले नाहीत, नुसते मिटून उघडले, आणि श्रावस्तीला विचारलं, "काय राहिलंय अजून?"

"मागचं दार, काका. वॅक्स वाळत घातलंय."

"मग पुरं कर. अर्धवट गाडी म्या नेत न्हाय." आणि तो आमच्या ओसरीवर, माझ्या टरफलांच्या सुपाशेजारी, जाऊन बसला. पाणी मागितलं. मी तांब्या भरून त्याच्या हातात दिला.

सुगत माझ्याजवळ आला. दातांतल्या दातांत बोलला, पण ओसरीवर ऐकू जाईल एवढं. "लोकापुढं माझी मान खाली घालायला लावलीस. त्यांच्यापुढं. स्वतःच्या पोराची."

आता जे बोलले ते मी सगळ्यांसमोर बोलले. रणधीर होता, श्रावस्ती होती, गौरी अंगणवाडीतून येऊन दारात उभी होती, दैवशाला कुंपणाला लागून उभी होती. आवाज खाली घेतला नाही.

"मान तुझी म्या घातली न्हाय सुगत. त्यांची बोटं तू नकळत पुसलीस, त्यात मान जायसारखं काही न्हवतं, दोन शब्दात मिटलं असतं. पोरगी तुझ्यासाठी खाली बघून उभी राहिली अन् तू श्वास सोडलास, तवा गेली ती. तुझ्या आजोबानं लोकापुढं उभं राहून स्वतःचं काम केलं, स्वतःचं पाप लेकरावर टाकलं न्हाय. त्यांचं नाव परत अशा कामाला घ्यायचं न्हाय. लातूरच्या पाहुण्यांना आजच फोन करायचा, तू करायचा, पोरगी कामात हाय म्हणून सांगायचं. मशीन हितंच राहील, ह्या पत्र्याखाली, अन् पत्रा माझ्या नावावर हाय. तिच्या कामाला तिला विचारल्याबिगर हात लावायचा न्हाय, फडक्याला बी न्हाय. आता विचार तिला. अन् ती व्हय म्हणली तर बाह्या वर कर, मागच्या दाराचं वॅक्स वाळलंय, ती दाखवंल तसं पुस."